कंपनी आधी कुणाचं ऐकते?

सांगली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत एक वाक्य रुळलं आहे : "सीएसआरमधून करून घेऊ." शाळेचे गळके पत्रे, तालमीतली मॅट, स्मशानभूमीचं शेड, आरोग्य उपकेंद्राचा इन्व्हर्टर. सगळ्यावर हाच उतारा. आमदार निधी, जिल्हा नियोजन आणि वित्त आयोग यांच्या रांगेत आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, चौथा येऊन बसला आहे. सरपंच लेटरहेडवर पत्र टाइप करून घेतात, त्यावर आमदारांची शिफारस चढते आणि पत्र पुण्याला किंवा मुंबईला रवाना होतं. पुढं एका गावाला पाण्याचं आरओ मशीन मिळतं आणि शेजारच्या गावाला साधी पोचही येत नाही. असं का होतं, याचा खुलासा सहसा कुणी करत नाही, आणि मागणारेही विचारत नाहीत. या लेखात तोच प्रश्न घेतला आहे. शेकडो गरजांतून कंपनी एक गरज उचलते ती नेमकी कशाच्या जोरावर?

कायद्याकडे पाहिलं तर तो या निवडीत फारसा पडत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. कामं कोणती, याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा जतन, माजी सैनिक, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी सुधारणा... या यादीत न बसणारी गरज शोधायलाच कष्ट पडतील. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कलमात आहे. पण ती सूचना मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये करून टाकला.

रकमेचा अंदाज यावा म्हणून हिशेब करू. सरासरी ६ कोटी नफा असलेल्या कारखानदाराच्या वाट्याला १२ लाख येतात. कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक फाउंड्र्या आणि मशीन शॉप या मर्यादेच्या खालीच राहतात. जे वर जातात, त्यांची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर त्यांना वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळानं ठरवलं की झालं. घरच्या कंपनीत संचालक मंडळ म्हणजे बहुधा वडील, मुलगा आणि काका. तिथं मालक ज्या शाळेत शिकला तिला संगणक मिळतात, कुलदैवताच्या गावी पाण्याची टाकी होते, ओळखीच्या डॉक्टरांच्या रुग्णालयाला डायलिसिस मशीन जातं. यात वाईट काही नाही. पण याला 'निवड' म्हणणं जड जातं.

कायद्याचा खरा जोर लागतो तो मुदतीपाशी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम हाती ठेवता येत नाही. काम अनेक वर्षांचं म्हणून मंजूर असेल तर उरलेला पैसा ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून ३ वर्षांत संपवायचा. नसेल तर ६ महिन्यांत सरकारी निधीत भरायचा. त्यामुळे जानेवारी उजाडला की प्लांटवरच्या एचआर मॅनेजरची धावपळ सुरू होते. त्याला काय हवं असतं? ३१ मार्चच्या आत बिल येईल, फोटो निघेल आणि ऑडिटरला दाखवता येईल असं काम. बाकं, आरओ, सौर दिवे, 'डिजिटल क्लासरूम'चा पडदा. पाणलोट, मातीचा कस, मुलींची शाळेतली गळती, रोजगार ही कामं मार्चएंडला संपत नाहीत, म्हणून ती पत्रांच्या गठ्ठ्यात खाली सरकतात. पडदा बसतो, उद्घाटन होतं, फलक लागतो. शाळेचं वीजबिल मात्र कुणाच्याच यादीत नसतं, कारण त्यावर फलक लावता येत नाही.

कायद्याच्या आधीही हा प्रश्न होताच. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत तर तो शंभर वर्षांचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या मदतीनं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला. निवडुंग, दगड आणि साप यांच्या त्या माळरानावर आधी घरं बांधावी लागली, विहीर खणावी लागली, शाळा काढावी लागली, कारण त्याशिवाय एकही कामगार तिथं टिकला नसता. म्हणजे पहिल्या पिढीतलं 'सामाजिक काम' नांगर विकण्याच्या गरजेतूनच निघालं. पण तिथं ते थांबलं नाही. त्या वस्तीत शिवाशीव पाळायची नाही असा नियम झाला आणि तुरुंगातून सुटलेल्यांना पहाऱ्याच्या कामावर ठेवलं गेलं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली आणि पुढं १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढलं. नांगराच्या खपाशी बाईच्या शिक्षणाचा काय संबंध, असं आजच्या सल्लागारानं नक्की विचारलं असतं.

या पद्धतीत निवड एका माणसाच्या किंवा एका घराच्या विवेकावर होती. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याला आणि धनजीशा कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्यालाही कमीअधिक हेच लागू पडतं. विवेक चांगला असेल तर वस्ती सुधारते. मालक बदलला, धंदा आक्रसला, की सगळं त्याच वेगानं मागं पडतं, आणि कामगाराला त्याबद्दल विचारायची सोय नसते.

सहकारी साखर कारखान्यांनी ही सोय करून दिली, निदान कागदावर. इथं एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे. त्याची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० खाली असते, म्हणून कलम १३५ त्याला लागूच होत नाही. आणि तरीही पश्चिम महाराष्ट्रात उद्योगानं सर्वांत मोठं सामाजिक काम कुठं केलं असेल तर ते इथंच. पैसा येतो तो उसाच्या बिलातून. दर टनामागं होणाऱ्या कपातींत 'भागविकास निधी' असतो, आणि त्यातून रस्ते, शाळा, वसतिगृहं होत आली. कासेगाव शिक्षण संस्था १९४५ ची. तिचं साखराळ्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं, म्हणजे ज्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली त्याच वर्षीचं. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याशी जोडलेल्या नेतृत्वातून कऱ्हाडचं कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं.

इथं विषय कोण ठरवत होतं? सभासद. तो कारखान्याचा मालकही असतो, ऊस घालणाराही आणि पंचवार्षिक निवडणुकीत मत देणाराही. वार्षिक सभेत माईक हिसकावून बोलायची त्याला सवय असते. त्याला मुलासाठी इंजिनीअरिंगची जागा हवी होती आणि आईवडिलांसाठी जवळ दवाखाना हवा होता. ते झालं. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात 'हितसंबंधीयांशी संवाद' म्हणून जे शिकवलं जातं, ते इथं निवडणुकीच्या धाकानं होत होतं. भागविकास निधीचा हिशेब मागणारे सभासद गप्प बसवले गेल्याच्या कहाण्याही गावोगाव आहेत, हे जाता जाता सांगायला हवं. तरी तुलनेत ही पद्धत अधिक लोकांना विचारणारी होती. तिची भिंत होती ती सभासदत्वाची. भिंतीपलीकडच्यांकडं पुढं येतोच.

या सगळ्यावर जगभरच्या विद्यापीठांत बरंच लिहिलं गेलं आहे. धंद्यानं नफा कमवावा, बाकी उठाठेव करू नये, असं मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलं. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये भागधारकाखेरीज इतर हितसंबंधीयांना चित्रात आणलं. मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ मध्ये सांगितलं की ज्या प्रश्नाशी आपल्या धंद्याची गाठ आहे तोच हातात घ्यावा, बाकीचे इतरांवर सोडावेत. सांगलीच्या वाचकाला त्याचं उदाहरण लांब शोधायला नको. १९३९ मध्ये भास्कर गणेश चितळे यांनी भिलवडीत सुरू केलेल्या डेअरीनं जनावरांच्या नोंदी, कृत्रिम रेतन आणि पैदास सुधारणेवर जे काम केलं, त्यानं शेतकऱ्याच्या गोठ्यात दूध वाढलं आणि डेअरीचंही भागलं. गंमत अशी, की धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातलं काम कायद्यानं सीएसआरमध्ये मोजता येत नाही. म्हणजे गोठ्याला सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं काम हिशेबात शून्य, आणि शाळेच्या भिंतीवरचा फलक हिशेबात पूर्ण.

मला यातला सर्वांत उपयोगी वाटतो तो मिचेल, अ‍ॅगल आणि वुड या तिघांचा १९९७ चा निबंध. कंपनी कुणाकडं लक्ष देते, हे तीन गोष्टींवर ठरतं असं ते म्हणतात. समोरच्याकडं ताकद किती, त्याचा हक्क किती रास्त, आणि त्याची निकड किती. तिन्ही असतील त्याचं काम आधी होतं. हक्क आणि निकड असूनही ताकद नसेल, तर त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी ताकदीच्या आधारानं बोलावं लागतं. ही फूटपट्टी घेऊन सांगली-सातारा फिरलं की बरीच कोडी सुटतात.

पुराचंच घ्या. ३० मे २०१९ रोजी केंद्र सरकारनं सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन हा विषय घातला. दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि पुरातून बाहेर पडू पाहणारे गावकरी बुडाले. ती दृश्यं देशभर दिसली आणि मदतीचे ट्रक सुरू झाले. ताकद कॅमेऱ्यानं दिली होती, निकड डोळ्यांसमोर होती, आणि कायद्यात चपखल बसणारं कलमही ताजं होतं. पण मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली देणगी सीएसआरमध्ये धरली जात नाही, म्हणून ज्यांना २ टक्क्यांत खर्च दाखवायचा होता त्यांना वस्तू आणि संस्था शोधाव्या लागल्या. बाटल्या, ब्लँकेट, जुन्या कपड्यांचे ढीग. जनावरं हलवायला उंचावरची जागा, गावातच ठेवलेल्या दणकट बोटी, त्या चालवायला शिकलेले चार तरुण, तुंबलेले ओढे मोकळे करणं ही कामं कोरड्या दिवसांतली. जानेवारीत त्यांचं पत्र घेऊन जा, निकडीच्या रकान्यात काय लिहायचं हाच प्रश्न पडेल. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं.

दुष्काळाला असा कॅमेरा मिळत नाही, तो हळू येतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव. शिवाय सांगली जिल्हा म्हटलं की ऊस, द्राक्षं, हळद आणि सधनता असं चित्र असतं. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आहेत. मोठ्या कंपन्यांचं एक लक्ष तिकडं, दुसरं मुख्यालयाच्या मुंबई-पुण्याकडं. देशातला सीएसआर खर्च २०१४-१५ मधल्या सुमारे १० हजार कोटींवरून २०२२-२३ मध्ये सुमारे ३० हजार कोटींवर गेला आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला राहिला. पण जत तालुका सरासरीत मारला जातो. वाळवा-पलूसच्या उसाची श्रीमंती त्याच्या नावावर जमा होते आणि तो कुणाच्याच यादीत 'मागास' ठरत नाही.

यालाही अपवाद आहेत, आणि तेच जास्त शिकवतात. वाळव्याच्या हुतात्मा कारखान्याचे संस्थापक नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद उभी केली. स्वतःचं कार्यक्षेत्र कृष्णेकाठचं, सभासद पाणीवाले. तरी त्यांनी कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न उचलला आणि समान पाणीवाटपाची मागणी लावून धरली. मतांचं गणित मांडलं असतं तर हा विषय यादीत आलाच नसता. इथं ज्यांच्याकडं ताकद नव्हती त्यांना उसनी ताकद मिळाली.

म्हसवडचं उदाहरण दुसऱ्या तऱ्हेचं आहे. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक काढली. सह्या करता न येणाऱ्या बायकांचा परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता, आणि त्यांनी शिकून पुन्हा दार ठोठावलं, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. पुढं ग्रामीण बायकांच्या उद्योगशाळेला एचएसबीसीसारख्या जागतिक बँकेनं पैसा दिला. लंडनच्या बँकेला माण तालुका नकाशावर सापडला तो कुठल्या सर्वेक्षणामुळं नव्हे. त्या तालुक्याची गरज बँकेला कळेल अशा शब्दांत मांडणारं माणूस तिथं होतं.

आणि पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत ती सुरू झाली, त्यातला एक कोरेगाव, आणि पहिलं बक्षीस तिथल्याच वेळू गावाला मिळालं. २०१८ मध्ये माणच्या टाकेवाडीनं बाजी मारली. उद्योगसमूहांचा पैसा पाणलोटाकडं वळला, कारण वर्षानुवर्षांच्या कामाला कुणीतरी पंचेचाळीस दिवसांची मुदत, गुण आणि निकाल लावला. मार्चएंडच्या मनोवृत्तीशी भांडण्याऐवजी तिच्या मापाचा सदरा शिवला. बंधारे पुढच्या पाच वर्षांत कोण गाळमुक्त ठेवणार, हा भाग त्या सदऱ्यात मावला नाही, तरी युक्ती मानली पाहिजे.

आता मोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांकडं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनं मे २०२१ मध्ये नवा अहवाल-नमुना आणला. व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचे प्रश्न कोणते, ते का, त्यात जोखीम आहे की संधी, हे त्यात लिहावं लागतं. मग सल्लागार येतो. प्रश्नावली जाते गुंतवणूकदारांना, वितरकांना, कर्मचाऱ्यांना. उत्तरांचा एक तक्ता होतो. आडव्या रेषेवर धंद्यावरचा परिणाम, उभ्या रेषेवर लोकांना वाटणारं महत्त्व. उजव्या वरच्या कोपऱ्यात जे ठिपके जमतात ते 'कळीचे मुद्दे'. दिसायला शास्त्रशुद्ध. पण ठिपके कुठं पडणार हे प्रश्नावली कुणाकुणाला गेली यावरच निम्मंशिम्मं ठरून जातं. ईमेल आहे त्याचं मत मोजलं जातं. माहितीची सुरक्षितता, कारभारातली पारदर्शकता हे मुद्दे वर चढतात. ते खोटे नाहीत. पण कारखान्याच्या खालच्या अंगाला राहणारा मच्छीमार त्या यादीत नसतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा शहरानं नाक दाबलं, वर्तमानपत्रांनी छापलं, प्रदूषण मंडळानं नमुने घेतले. शहराचं सांडपाणी नेणारा शेरीनालाही वर्षानुवर्षं याच नदीला मिळतो, तेव्हा बोट एकट्या उद्योगांकडं दाखवता येत नाही. पण सोडलेल्या पाण्याची प्रत सुधारणं हे काम २ टक्क्यांत बसतच नाही, ते धंद्याचं स्वतःचं कर्तव्य. म्हणून पैसा कसा मिळवला याची फाइल एका कचेरीत आणि तो कसा वाटला याची दुसऱ्या कचेरीत, अशी विभागणी होऊन गेली आहे.

ऊसतोडीत ही विभागणी उघडी पडते. साखळी अशी : कारखाना, तोडणी-वाहतूकदार, मुकादम आणि शेवटी कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमामार्फत उचल दिली जाते आणि ती फिटेपर्यंत तोड चालते. टोळ्या बीडहून येतात, सोलापूरकडून येतात, आणि जतच्या दुष्काळी गावांतूनही निघतात. या एकाच साखळीत दोन तक्रारी आहेत. वाहनमालक म्हणतो, मुकादमानं लाखो रुपये उचल घेतली आणि टोळी पाठवलीच नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला हा माणूस स्थानिक आहे, बऱ्याचदा सभासद आहे, त्याची संघटना आहे. त्याच्या तक्रारीवर गुन्हे दाखल होतात, मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न येतो. ते योग्यच आहे, कारण घरं बुडाली आहेत. दुसरी तक्रार फडातल्या बाईची. पाचटाच्या खोपीत सहा महिने, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, मूल पाटाकडेला. तिचं मत दुसऱ्या मतदारसंघात, शेअर कुठल्याच कारखान्यात नाही, आणि कागदोपत्री ती कारखान्याची कामगारही नाही. हक्क पुरा, निकड पुरी, ताकद शून्य. शिक्षणसंस्था, रुग्णालयं, वसतिगृहं उभी करणाऱ्या सहकाराच्या यादीत ती वर आली नाही, याचं कारण निर्दयपणापेक्षा मतदारयादीत शोधावं असं मला वाटतं. साखरशाळा निघाल्या, ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, टनामागं कारखान्यांकडून १० रुपये घ्यायचं ठरलं. तरी फडात न्हाणीघर कुणी बांधायचं, हे आजही ठरलेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रिया, बालविवाह आणि उचलीचं कर्ज यांवर लिहिलं आणि त्यांनी तोडलेल्या उसाची साखर जगातल्या बड्या शीतपेय कंपन्यांपर्यंत पोचते, हे दाखवलं. तेव्हा प्रथमच हा विषय खरेदीदारांच्या तक्त्यात वर सरकू लागला. इथल्या पत्रकारांनी आणि संघटनांनी तेच आधी अनेक वर्षं सांगितलं होतं. ताकद बाहेरून आल्यावर ऐकू गेलं.

सेबीनंही जुलै २०२३ मध्ये पहिल्या २५० कंपन्यांना आपल्या पुरवठादारांचा हिशेब मांडायला सांगायचं ठरवलं होतं. मार्च २०२५ मध्ये तो ऐच्छिक केला गेला, आणि खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या पुरवठादारांपुरताच ठेवला. म्हणजे एखाद्या बिस्किट किंवा शीतपेय कंपनीनं मनावर घेतलंच, तर चौकशी साखर कारखान्याच्या गेटपर्यंत येईल. गेटच्या अलीकडं वाहतूकदाराचा करार आहे, त्याच्या अलीकडं मुकादमाची वही. त्या वहीत कोयत्यांचा आकडा असतो आणि उचलीची रक्कम असते, बाईचं नाव वेगळं लिहिलेलं नसतं. गाळप हंगाम सुरू होण्याआधी कारखाने टोळ्यांची नोंदणी करतात. त्या नोंदणीच्या फॉर्मवर कोयत्यातल्या दोघांची वेगवेगळी नावं, वय आणि फडाचं गाव एवढे तीन रकाने वाढवायला ना सेबीची परवानगी लागते, ना कलम १३५ मध्ये दुरुस्ती.